एकच कायदा, मग घरपट्टी वेगळी का?

किन्हीराजाहून आम्ही बचत गटाच्या बाया बोलतोय.

मागच्या बैठकीत हप्ते जमा झाले, वही मिटली आणि विषय निघाला घरपट्टीचा. आमच्यातल्या एकीची बहीण पैनगंगेपलीकडे, हिंगोली जिल्ह्यात दिलेली आहे. दोघींची घरं सारखीच, दोन खोल्या, विटांच्या भिंती, वर टिनं. पण पावतीवरचे आकडे वेगळे. "सरकार एक, मंग पट्टी दोन कशा?" असं तिनं विचारलं आणि आम्ही सगळ्याच गप्प झालो. मग विचारपूस केली, वाचलं. तेच आज सांगतोय.

घरपट्टी हा शब्द आजचा नाही. मोल्सवर्थ साहेबांच्या १८५७ सालच्या मराठी कोशात तो आहे. त्याआधी मराठेशाहीतही पट्ट्या पुष्कळ होत्या. म्हैस पाळली तर म्हैसपट्टी, लग्न झालं तर लग्नटका आणि विधवेनं पाट लावला तर पाटदाम. म्हणजे बाईच्या दुसऱ्या संसारावरही कर होता! या सगळ्या पट्ट्या सगळीकडे सारख्या नव्हत्या. जिथली जशी वहिवाट, तशी वसुली.

१८५३ साली निजामानं वऱ्हाडचा कारभार इंग्रजांच्या हाती दिला. त्यामुळे पैनगंगेच्या अलीकडे इंग्रजांचा अंमल आणि पलीकडे निजामाचा, असे दोन कारभार झाले. इंग्रजांच्या कागदात वाशीमचं नाव 'बासीम' होतं. तिथं १८६९ साली नगरपालिका झाली. १८८२ साली लॉर्ड रिपन यांनी ठराव केला की गावाशहराचा कारभार तिथल्या लोकांनी चालवावा. रस्ता, पाणी, दिवाबत्ती गावानं बघायची, तर त्यासाठी पैसाही गावातूनच उभा करायचा. घरपट्टी ही त्यातलीच एक वाट.

१९०३ साली वऱ्हाड मध्यप्रांताला जोडला गेला. आपल्याकडे पंचायतीचा कायदा होता तो १९४६ चा, मध्यप्रांत आणि वऱ्हाडचा. तिकडे पुणे-साताऱ्याकडे मुंबई इलाख्याचा १९३३ चा कायदा होता. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाकडे होता, त्याचा हैदराबादचा कायदा आणखी वेगळा. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ आणि मराठवाडा मुंबई राज्यात आले, तेव्हा एका राज्यात वेगवेगळे कायदे झाले. ते मोडून १९५८ साली एकच ग्रामपंचायत कायदा केला. १९६० ला महाराष्ट्र झाला आणि तोच कायदा पुढे चालू राहिला.

म्हणजे दोघी बहिणींच्या गावांना कायदा एकच आहे. मग आकडे वेगळे कसे?

कारण त्या कायद्याच्या कलम १२४ नं घरांवर आणि जागांवर कर लावायचा अधिकार ग्रामपंचायतीला दिला. सरकार कमीत कमी आणि जास्तीत जास्त दर ठरवून देतं. त्या दोन काठांच्या मधला दर आपली ग्रामपंचायत ठरवते.

मध्यंतरी घराच्या क्षेत्रफळावर पट्टी लावत. त्यावर उच्च न्यायालयात वाद झाला आणि ३१ डिसेंबर २०१५ ला नवे नियम निघाले. आता घराचं भांडवली मूल्य काढतात. जागा किती, तिथला सरकारी रेडीरेकनर दर काय, बांधकाम मातीचं की सिमेंटचं, घर किती जुनं, राहायला आहे की दुकानाला, हे सगळं त्यात धरतात. त्या मूल्यावर दर हजार रुपयांमागे काही पैसे, अशी पट्टी बसते.

हिशेब करून बघा. समजा घराचं मूल्य २ लाख निघालं. एका गावानं हजारी ७५ पैसे दर धरला, तर पट्टी १५० रुपये. दुसऱ्या गावानं १ रुपया धरला, तर २०० रुपये. घर तेच, फरक ५० रुपयांचा. शिवाय मोठ्या रस्त्यालगतच्या जागेचा सरकारी दर आडवळणाच्या गावापेक्षा जास्त असला, तर मूल्यच वाढतं. पाणीपट्टी आणि दिवाबत्तीचा कर त्याच पावतीवर येतो, तोही गावागणिक वेगळा.

शहरांत तर पद्धतच निराळी. मुंबईत २०१० पासून भांडवली मूल्यावर कर आहे, पण २०२२ पासून ५०० चौरस फुटांपर्यंतच्या राहत्या घरांना मालमत्ता कर माफ आहे. पुण्यात घराला भाडं किती येईल यावर कर ठरतो. अमेरिकेतही एकाच राज्यात काउंटीगणिक, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागागणिक, घराचा कर बदलतो. तिथं शाळेचा बराच खर्च त्यातूनच निघतो.

तेव्हा पट्टी वेगळी आहे म्हणजे कुणी फसवलंच, असं नाही. पण ती बरोबरच आहे, असंही डोळे मिटून धरायचं नाही. मातीच्या घराची नोंद पक्क्या घराची झाली, किंवा पाडलेली खोली कागदावर उभीच राहिली, तर जास्तीचे पैसे वर्षानुवर्षं आपल्याच गाठीचे जातात. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये ही नोंद असते. ती मागा, वाचा. आकारणीची यादी लागते तेव्हा मुदतीत लेखी हरकत घेता येते. तिथं न्याय झाला नाही, तर पंचायत समितीकडे अपील करता येतं.

त्याच नमुन्यात नावाचा रकाना आहे. घर नवरा-बायको दोघांच्या नावे नोंदवावं, असा शासनाचा निर्णय २००३ सालीच झाला. आमच्या बैठकीत आम्ही विचारलं, की आपलं नाव कुणाकुणाचं आहे? हात थोडेच वर आले. पट्टीचे पैसे मात्र बहुतेक घरांत बाईच्याच डब्यातून निघतात.

२०११ पासून पंचायतीत निम्म्या जागा बायांच्या आहेत. ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभाही घ्यायची असते. आजवर तिथं आम्ही सही करून घरी येत होतो. यावेळी तीन गोष्टी विचारणार आहोत: आपल्या गावाचा दर किती, तो कधी ठरला आणि जमलेली पट्टी कशावर खर्च झाली?

तुम्हीही पुढच्या बैठकीला आपापली पावती घेऊन या. शेजारणीच्या पावतीशेजारी ठेवा आणि वाचा.