जुन्या संगणकांची दीर्घकालीन साठवण

वापरातून गेलेले संगणक वर्षानुवर्षे सुस्थितीत राहावेत यासाठीची जतनपद्धती. धूळ, ऊन आणि दमट हवा यांपासून संरक्षण आवश्यक असले, तरी सर्वांत मोठा धोका यंत्राच्या पोटातच असतो. कमोडोर कंपनीच्या अमिगा २००० या १९८७ मधील संगणकाच्या अनेक मदरबोर्डांवर घड्याळासाठी निकेल-कॅडमियम बॅटरी डाख देऊन बसवलेली असे. ती गळली की त्यातील पोटॅशियम हायड्रॉक्साइड तांब्याच्या वाहकरेषा खाऊन टाकते आणि कोरड्या, बंद खोलीतही हे घडते. म्हणून बॅटरी काढणे हीच साठवणीची पहिली पायरी होय.

यामुळे यंत्राचे मूळ रूप बदलते, हा आक्षेप रास्त आहे. पण छायाचित्रे आणि नोंदी ठेवल्यास मूळ रचनेची माहिती टिकते, गंजून गेलेला बोर्ड मात्र परत मिळत नाही. अधूनमधून वीज दिल्याने यंत्र निरोगी राहते, असेही मानले जाते. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरांना त्याचा काही लाभ होतो. परंतु वीजपुरवठ्यातील जुना, तडकलेला कागदी कपॅसिटर ओल शोषून घेतो आणि वीज मिळताच धूर सोडत जळू शकतो. त्यामुळे आधी तपासणी, मगच वीज. सापेक्ष आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास स्थिर ठेवावी आणि ओल कोंडणारे घट्ट प्लॅस्टिक टाळावे.