कुलसंमेलनाचं आमंत्रण कोणाकोणाला?

आपल्या सोसायटीतली बरीच मंडळी मे महिन्यात कुलसंमेलनाला गावी जातात. दूरचे चुलतभाऊ भेटतात, कुलदैवताला नैवेद्य होतो, वंशवृक्षाचा भला मोठा फ्लेक्स लागतो. पण त्यावरची नावं आली कुठून?

नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडे वह्या असत. यात्रेकरू आला की त्याचं गाव, वाडवडील, भाऊ, मुलं अशी नोंद व्हायची. सांगली, कोल्हापूर, बेळगावकडे हेळवी दारात येत, घराण्याच्या पिढ्या वाचून दाखवत, नवी नावं लिहून घेत आणि धान्य घेऊन पुढच्या गावी जात. विसाव्या शतकात छापील कुलवृत्तान्त निघाले. त्यासाठी गावोगावच्या आप्तांना पत्रं धाडून माहिती मागवली गेली.

या सगळ्यात वंश मोजला तो मुलाकडून. लेकीचं नाव असलंच, तर लग्नानंतर तिची फांदी तिथेच थांबली. पुढे कायदा बदलला. १९९४ साली महाराष्ट्राने अविवाहित मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीचा हक्क दिला. २००५ मध्ये देशभर तो विवाहित लेकींनाही मिळाला. आमंत्रणाची यादी मात्र अजून पुष्कळदा जुन्या वंशवृक्षावरूनच निघते.

तेव्हा यंदा यादी करताना आत्या, आतेभावंडं, सासरी गेलेल्या बहिणी-लेकी आणि त्यांची मुलं यांनाही धरा. घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या बाईजवळ बसा. कोणाची लेक कुठल्या गावी दिली, हे तिला तोंडपाठ असतं. आणि नुसता ग्रुपवर मेसेज टाकू नका. स्वतः फोन करून बोलवा. माहेरचं बोलावणं आहे ते!