मूत्राशयाची जुनाट वेदना : कारणांचे संशोधन

लघवीची पिशवी भरत आली की ओटीपोटात कळ येते, लघवी झाल्यावर थोडा उतार पडतो आणि लगेच पुन्हा लागते. कल्चरमध्ये मात्र जंतू सापडत नाहीत. अशी लक्षणे सहा आठवड्यांहून अधिक टिकली आणि दुसरे कारण आढळले नाही, तर ‘इंटरस्टिशियल सिस्टायटिस’ किंवा ‘ब्लॅडर पेन सिंड्रोम’ असे निदान होते. भारतात त्याआधी मूत्राशयाचा क्षयरोग नाही ना, हे पाहावे लागते.

बॉल्टिमोरचे स्त्रीरोगतज्ज्ञ गाय हनर यांनी १९१५ मध्ये अशा स्त्रियांच्या मूत्राशयातील व्रणांचे वर्णन केले. बहुसंख्य रुग्णांमध्ये हे व्रण दिसत नाहीत. त्यामुळे ‘दुखणे मनाचे’ असा शेरा मारणे वैद्यकाला दीर्घकाळ सोयीचे गेले. स्वतः या आजाराने त्रस्त असलेल्या डॉक्टर विकी रॅटनर यांनी १९८४ मध्ये अमेरिकेत रुग्णसंघटना उभारली, आणि त्यानंतर सरकारी पैशाने संशोधन होऊ लागले.

पहिला संशय अर्थातच मूत्राशयावर होता. त्याच्या आतील संरक्षक थर झिजतो, लघवीतले पोटॅशियम भिंतीत शिरते आणि मज्जातंतू चिडतात, असे एक मत होते. हा थर सावरण्यासाठी पेंटोसन पॉलिसल्फेट या औषधाला अमेरिकेत १९९६ मध्ये मान्यता मिळाली. त्याचा उपयोग मोजक्यांनाच झाला. शिवाय दीर्घकाळ घेणाऱ्यांच्या दृष्टिपटलाला इजा होते, हे २०१८ पासून पुढे आले. भिंतीतील मास्ट पेशींवरही बराच संशय घेतला गेला, पण सर्व रुग्णांना लागू पडेल असे कारण हाती आले नाही.

खरे वळण २००८ चे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी ‘मॅप’ हे संशोधनजाळे सुरू केले. मिशिगन, आयोवा, नॉर्थवेस्टर्न आदी विद्यापीठांनी स्त्रियांची मूत्राशयवेदना आणि पुरुषांची ‘जुनाट प्रोस्टेटायटिस’ म्हणून ओळखली जाणारी ओटीपोटाची वेदना एकत्र अभ्यासली. शरीराच्या नकाशावर दुखरी जागा दाखवायला सांगितले, तेव्हा ४२४ रुग्णांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश जणांनी ओटीपोटाबाहेरच्याही जागा दाखवल्या. फायब्रोमायल्जिया, आतड्याचा इरिटेबल बॉवेल सिंड्रोम आणि जुनाट थकवा हे विकार अशा रुग्णांत वारंवार आढळतात. मेंदूच्या प्रतिमांतही वेदना हाताळण्याच्या पद्धतीत फरक दिसले. ते दुखण्याचे कारण आहेत की परिणाम, हे मात्र त्या प्रतिमांवरून ठरत नाही.

असाच आजार मांजरांनाही होतो. ओहायो स्टेट विद्यापीठाचे पशुवैद्य टोनी बफिंग्टन यांना आढळले, की लपायला जागा, खेळ आणि ठरलेला दिनक्रम मिळाला की मांजरांची लक्षणे कमी होतात. मांजराच्या दुखण्याला कोणी ‘मनाचे खेळ’ म्हणत नाही. ताणाचा मूत्राशयावर शारीरिक परिणाम होतो, हे मान्य करायला ही मांजरे उपयोगी पडली.

हनरचे व्रण असलेला आजार वेगळा मानावा, याकडे आता तज्ज्ञांचा कल आहे. व्रण जाळल्याने किंवा त्यात स्टिरॉइड टोचल्याने अशा रुग्णांना अनेकदा आराम पडतो. व्रण नसलेल्यांसाठी असा नेमका उपचार अद्याप नाही.