सोमवार ते सोमवार: लखनौ, १२ ते १९ एप्रिल २०२१

गुरुवार, १ एप्रिल. लखनौ जिल्ह्यात दिवसभरात ९३५ नवे कोरोनाबाधित.

गुरुवार, ८ एप्रिल, रात्री ९. रात्रीची संचारबंदी लागू. सकाळी ६ पर्यंत दुकानं बंद, रस्ते रिकामे. दिवसा संचारबंदी नाही.

शनिवार, १० एप्रिल. ४,०५९. बाधितांच्या वस्तीवार यादीत अलीगंज, इंदिरानगर, गोमतीनगर ही नावं पुन्हा पुन्हा येतात.

रविवार, ११ एप्रिल. ४,४४४.

सोमवार, १२ एप्रिल. ३,८९२. एका दिवसात आकडा ५५२ने उतरला.

रुग्ण घटले की चाचण्या, हा प्रश्न इथे विचारायला हवा होता. त्याचं उत्तर त्याच तारखेच्या एका सरकारी पत्रात आहे. पत्र लिहिणारे विरोधक नव्हते. ते राज्याचे कायदामंत्री आणि लखनौचेच आमदार ब्रजेश पाठक होते. आरोग्य खात्याच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांना ते कळवतात: शहराला रोज १७,००० चाचणी-किट हवेत, मिळतात १०,०००. अहवालाला ४ ते ७ दिवस लागतात. रुग्णवाहिका ५-६ तासांनी येते. मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या (सीएमओ) कार्यालयात फोन उचलला जात नाही.

पत्रात एक नाव आहे: लखनौचे इतिहासकार, पद्मश्री योगेश प्रवीण. ते आजारी पडल्यावर मंत्र्यांनी स्वतः अधिकाऱ्यांना फोन केला. रुग्णवाहिका वेळेत आली नाही. त्याच दिवशी ते गेले.

४ ते ७ दिवस, या एका नोंदीत पुढचा सगळा आठवडा आहे. नाकातला स्वॅब प्रयोगशाळेत जायचा, निकाल सरकारी पोर्टलवर चढायचा, तिथून लखनौतल्या लालबागच्या कोविड नियंत्रण कक्षात उतरायचा. मग सीएमओची चिठ्ठी, मग खाट, मग गाडी. साथीवर नजर ठेवण्यासाठी बांधलेली हीच साखळी रुग्णाला दारात घ्यायचं की नाही हेही ठरवत होती. अहवाल नाही तर नोंद नाही, नोंद नाही तर चिठ्ठी नाही. सोमवारी जाहीर झालेल्या आकड्यात त्यामुळे आधीच्या आठवड्यातले स्वॅबही होते.

(मुंबईतही प्रयोगशाळांचे अहवाल आधी महापालिकेकडे जात. पण खाटा देण्याचं काम २४ वॉर्डांच्या वॉररूममध्ये वाटलेलं होतं.)

मंगळवार, १३ एप्रिल. ५,३८२. मंत्र्यांचं पत्र फुटलं, बातम्यांत आलं.

बुधवार, १४ एप्रिल. ५,४३३. मुख्यमंत्री योगी आदित्यनाथ यांचाही अहवाल पॉझिटिव्ह. रात्री भैंसाकुंडच्या बैकुंठधाम स्मशानातल्या चितांच्या रांगांची चित्रफीत मोबाइलवरून मोबाइलवर फिरू लागली.

गुरुवार, १५ एप्रिल. ५,१८३. बैकुंठधामाभोवती पत्र्यांचं कुंपण उभं राहिलं. चितांची रांग हाही आरोग्याचा विदाच असतो. त्याला पोर्टल लागत नाही, किट लागत नाही. तो त्या दिवशी रस्त्यावरून दिसेनासा करण्यात आला. राज्यात पंचायत निवडणुकीचा पहिला टप्पा याच दिवशी पार पडला.

शुक्रवार, १६ एप्रिल. ६,५९८. रविवारी राज्यभर टाळेबंदीची घोषणा. अलीगंजला लागून असलेल्या विकासनगरातले एक ज्येष्ठ पत्रकार ट्विटरवर लिहितात: ऑक्सिजन पातळी ५२. डॉक्टर, रुग्णालय, प्रयोगशाळा, कुणीच फोन उचलत नाही. मुख्यमंत्र्यांच्या माध्यम सल्लागारांनी तपशील मागितला.

शनिवार, १७ एप्रिल. ऑक्सिजन ३१. घरच्यांना रुग्णालयांतून एकच उत्तर मिळत होतं: सीएमओची चिठ्ठी आणा. ऑक्सिजनचा एवढा ताजा आकडा त्या आठवड्यात दुसऱ्या कुठल्याच यंत्रणेकडे नसेल. रुग्णानेच मोजला, रुग्णानेच जाहीर केला. दुपारी ते पत्रकार गेले.

शनिवार, रात्री ८. टाळेबंदी सुरू. ३५ तास.

रविवार, १८ एप्रिल. शहर बंद.

सोमवार, १९ एप्रिल, सकाळी ७. टाळेबंदी संपली. याच मिनिटाला लखनौ जिल्ह्यातल्या पंचायतींचं मतदान सुरू झालं. मतदान गावांत होतं, संध्याकाळी ६ पर्यंत चालणार होतं.

त्याच दिवशी अलाहाबाद उच्च न्यायालयाने लखनौसह पाच शहरांत २६ एप्रिलपर्यंत कडक निर्बंधांचा आदेश दिला. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. मंगळवार, २० एप्रिलला स्थगिती मिळाली.

रुग्णालयात दाखल होण्यासाठी पॉझिटिव्ह अहवालाची सक्ती नाही, असं केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने ८ मे रोजी जाहीर केलं. विकासनगरातल्या त्या मृत्यूला तेव्हा २१ दिवस झाले होते.

१२ एप्रिलचं पत्र लिहिणारे ब्रजेश पाठक २५ मार्च २०२२ रोजी उत्तर प्रदेशचे उपमुख्यमंत्री झाले. खातं मिळालं आरोग्याचं.