ब्रॉडरबंडचे खेळ : मूळ यंत्रांचा माग

ब्रॉडरबंड : संगणक-खेळ आणि शैक्षणिक सॉफ्टवेअर प्रकाशित करणारी अमेरिकन कंपनी. डग व गॅरी कार्लस्टन या भावांनी ती १९८० मध्ये ऑरेगन राज्यातील यूजीन येथे सुरू केली. पुढे तिचे बिऱ्हाड कॅलिफोर्नियात गेले. १९९८ मध्ये ‘द लर्निंग कंपनी’ने ती विकत घेतली.

ब्रॉडरबंडचे गाजलेले खेळ अनेक यंत्रांवर मिळत. त्यामुळे मूळ खेळ कुठला आणि त्याची रूपांतरे कुठली, याची सरमिसळ फार होते. त्या काळी ॲपल टू, कमोडोर ६४, आयबीएम पीसी आणि जपानी फॅमिकॉम यांची मेमरी, पडदा, रंग आणि आवाज यांचा एकमेकांशी मेळ नव्हता. खेळ बहुधा असेंब्ली भाषेत, त्या त्या यंत्राच्या खाचाखोचा धरून लिहिले जात. दुसऱ्या यंत्रावर न्यायचे म्हणजे बराचसा खेळ नव्याने लिहावा लागे. म्हणून ‘अनेक यंत्रांवर उपलब्ध’ एवढीच नोंद अपुरी ठरते. खेळाची घडण पहिल्या यंत्राने ठरवलेली असते.

‘लोड रनर’ (१९८३) हे त्याचे सुरेख उदाहरण. त्याची पाळेमुळे ॲपल टूच्याही मागे जातात. वॉशिंग्टन विद्यापीठात शिकणारा डग्लस स्मिथ याने ‘काँग’ नावाचा त्याचा आधीचा अवतार प्राइम ५५० या मिनी-कॉम्प्युटरवर लिहिला. तिथून तो व्हॅक्स यंत्रांवर गेला. चित्रे नव्हतीच, शिड्या, विटा, माणसे सारे टर्मिनलवरच्या अक्षरचिन्हांनी दाखवलेले. पुढे स्मिथने तो ॲपल टूसाठी नव्याने लिहिला आणि ब्रॉडरबंडने प्रकाशित केला. विकला गेलेला पहिला खेळ ॲपल टूचा, कल्पना मात्र विद्यापीठातल्या मिनी-कॉम्प्युटरवरची. नोंदीत दोन्ही यायला हवे. या खेळाचे मैदान २८ रकाने रुंद आणि १६ ओळी उंच आहे. ॲपल टूच्या चित्रपडद्याची रुंदी २८० बिंदू, म्हणजे एका चौकटीच्या वाट्याला बरोबर १० बिंदू. जपानमध्ये हा खेळ घरोघरी पोचला तो हडसन सॉफ्टने १९८४ मध्ये काढलेल्या फॅमिकॉम आवृत्तीमुळे.

डॅन गोर्लिनचा ‘चॉपलिफ्टर’ (१९८२) उलट्या दिशेने गेला. त्या वेळी आर्केडमधले खेळ घरच्या संगणकावर येत. हा खेळ ॲपल टूवर जन्मला आणि १९८५ मध्ये सेगाने त्याचे आर्केड यंत्र काढले. विल राइटच्या ‘रेड ऑन बंगेलिंग बे’चे (१९८४) मूळ मात्र कमोडोर ६४. त्या खेळातली बेटे रचण्यासाठी राइटने एक साधन तयार केले होते. हल्ल्यापेक्षा बेटे रचण्यातच त्याचे मन अधिक रमले आणि ‘सिमसिटी’चे बीज तिथे पडले. ‘मिस्ट’ (१९९३) सायन या स्टुडिओने मॅकिंटॉशवर हायपरकार्ड वापरून घडवला; ब्रॉडरबंड त्याची केवळ प्रकाशक होती.

जॉर्डन मेकनरच्या ‘कराटेका’त (१९८४) मूळ यंत्राची खूण अगदी हाताला लागते. ॲपल टूची फ्लॉपी ड्राइव्हमध्ये उलटी घातली तर सारा खेळ पडद्यावर डोके खाली, पाय वर असा सुरू होई. फ्लॉपीच्या दुसऱ्या बाजूवर मुद्दाम लिहून ठेवलेली ही गंमत होती.

मेकनरचाच ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ मराठी वाचकांपैकी अनेकांनी नव्वदच्या दशकात डॉसच्या पीसीवर खेळला. मूळ खेळ ॲपल टूचा, १९८९ चा. डॉसची आवृत्ती १९९० ची. पांढरे कपडे घालून धावणाऱ्या, उड्या मारणाऱ्या धाकट्या भावाचे, डेव्हिडचे, मेकनरने १९८५ मध्ये व्हिडिओ चित्रण केले आणि त्यातल्या एकेका चित्रावरून राजपुत्राच्या हालचाली उतरवल्या. त्या इतक्या जिवंत आहेत की कड्याला लोंबकळलेला राजपुत्र अंग वर ओढून घेतो तेव्हा आजही आपले खांदे ताठ होतात. पण या चित्रांनी १२८ के मेमरी जवळजवळ व्यापून टाकली. प्रतिस्पर्ध्याची वेगळी चित्रे ठेवायला जागाच उरली नाही. तेव्हा मेकनरने राजपुत्राचेच चित्र एका बिंदूने सरकवून मूळ चित्राशी ‘एक्स-ऑर’ या तार्किक क्रियेने जुळवले. त्यातून थरथरणारी, भुतासारखी एक आकृती निघाली. चौथ्या पातळीत आरशातून बाहेर पडणारा तो छायापुरुष हाच. ॲपल टूच्या तुटपुंज्या मेमरीने दिलेले हे पात्र पुढे मोठ्या मेमरीच्या यंत्रांवरही कायम राहिले, कारण तोवर कथाच त्याच्याभोवती बांधली गेली होती.

खेळाच्या पडद्याची मांडणीही तशीच टिकली. आडवे १० आणि उभे ३ चौकोन. ॲपल टूवर चौकोनाची रुंदी २८ बिंदू, तर डॉसच्या ३२० बिंदूंच्या पडद्यावर ३२. सुपर फॅमिकॉमच्या १९९२ च्या आवृत्तीत मात्र १२ ऐवजी २० पातळ्या आहेत. तिला नुसते रूपांतर म्हणणे अन्यायाचे होईल.

ॲपल टूवर हा खेळ सुरुवातीला फारसा खपला नाही. १९८९ मध्ये त्या यंत्राचाच बाजार ओसरत आला होता. मूळ प्रोग्रॅमही हरवल्यासारखा होता. २०१२ मध्ये मेकनरच्या वडिलांना घरातल्या एका खोक्यात जुन्या फ्लॉप्या सापडल्या. त्या वाचून घेऊन मेकनरने ॲपल टूसाठी लिहिलेला प्रोग्रॅम सर्वांसाठी खुला केला. २०१८ मध्ये हौशी प्रोग्रॅमरांनी बीबीसी मास्टर या ब्रिटिश संगणकासाठी खेळाची आवृत्ती केली, ती याच प्रोग्रॅमवरून. बीबीसी मास्टरचा प्रोसेसर ॲपल टूच्याच ६५०२ घराण्यातला आहे.