चिनी ग्रंथसंग्रह, आंतरजालीय

चिनी भाषासमूहातील संहिता भाषा व लिपी यांनुसार लावून वाचकांस खुल्या करणारे संग्रह. मँडरिन, कँटनी, वू, मिन, गान, हक्का इत्यादींना भाषा म्हणावे की बोली, याविषयी मतभेद आहेत. येथे ‘भाषा’ ही संज्ञा योजली आहे.

या भाषा बोलणाऱ्यांनी विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत बहुतेक लेखन अभिजात चिनीत केले. त्यामुळे लेखक कँटनचा म्हणून ग्रंथ कँटनी ठरत नाही. विकिस्रोत या मुक्त आंतरजालीय ग्रंथालयाच्या चिनी शाखेत अभिजात व आधुनिक संहिता एकत्रच आहेत.

लिपी : चीनने 1956 पासून सुलभ चिन्हे रूढ केली, तैवान, हाँगकाँग व मकाव येथे पारंपरिक चिन्हे टिकली. संगणकावरही दोन संकेत झाले : चीनचा जीबी 2312 (1980, 6,763 चिन्हे) आणि तैवानचा बिग-फाइव्ह (1984, 13,000 हून अधिक). एकातील मजकूर दुसऱ्यात उघडला की वाचता येत नसे. युनिकोडने 1992 मध्ये 20,902 चिन्हे एका संकेतात आणली.

विकिस्रोतात एकच पान वाचकाच्या पसंतीच्या लिपीत दिसते. पारंपरिकातून सुलभ करणे बहुतांशी निर्धोक असते, उलट मात्र नाही. ‘ढग’ व ‘म्हणणे’ यांची वेगळी चिन्हे सुलभ लिपीत एकरूप झाली; अभिजात ग्रंथांत अवतरणापूर्वी दुसरे चिन्ह वारंवार येते. यंत्राची निवड चुकल्यास ‘काव्यात म्हटले आहे’ येथे ‘काव्य ढग’ असा पाठ उमटतो. ‘निघणे’ व ‘केस’ यांचीही तीच गत. म्हणून मुद्रित प्रतीची लिपीच मूळ म्हणून साठवावी आणि रूपांतर केवळ दर्शनापुरते ठेवावे. हा नियम सोडला, तर साठवलेल्या संहितेवरून यंत्राला शुद्ध पाठ खात्रीने परत मिळवता येत नाही.

मिन-नान (दक्षिणी मिन) : विकिस्रोतात स्वतंत्र शाखा. मिशनऱ्यांनी रूढ केलेल्या रोमन लेखनाला येथे मोठी परंपरा आहे. तैवानातील ताइनान येथे 1885 मध्ये या लिपीत चर्चचे वृत्तपत्र निघाले. अनेक देशी शब्दांना सर्वमान्य चिन्ह नाही. त्यामुळे रोमन संहिता चिन्हांत उतरवणे म्हणजे नवे संपादनच होय. मूळ रोमन पाठ जपणे अगत्याचे.

वू, गान, हक्का : संहिता तुलनेने थोड्या.

बौद्ध वाङ्मय : तैवानातील सीबेटा संस्थेने (स्था. 1998) तोक्यो येथे 1924–34 मध्ये छापलेल्या ताइशो त्रिपिटकाची संहिता संगणकावर आणली. संकेतात नसलेले चिन्ह न गाळता त्याचे घटक व त्यांची मांडणी चौकटी कंसात सूत्ररूपाने नोंदविली जाते.