बक्षीस कोण, नायिका कोण? व्हिडिओ गेममधील स्त्रीचा इतिहास



मिरचीच्या हंगामात भिवापूरच्या सातऱ्यावर बायका सकाळपासून बसलेल्या असतात. समोर लाल मिरचीचा ढीग. देठ खुडत राहायचं, संध्याकाळपर्यंत बोटांची आग होते. त्याच संध्याकाळी विहाराच्या पायऱ्यांवर त्यांची पोरं मोबाईलवर बंदुकीचा गेम खेळत असतात. नेम चुकला की तोंडातून आईबहिणीवरून शिवी निघते. एकाला विचारलं, तुमच्या टीममध्ये एकही पोरगी कशी नाही? तो हसला. "दादा, पोरीईले मोबाईल कोन देते जी?"

ज्याच्या हातात साधन, त्याच्याच हातात गोष्ट सांगण्याचा अधिकार. शिक्षणाच्या बाबतीत हे आपल्याला कळलं. गेमच्या बाबतीत अजून कळायचं आहे. म्हणून हा इतिहास.

१९८१ साली जपानच्या निन्टेंडो कंपनीचा 'डाँकी काँग' आला. एक वानर बाईला पळवतं आणि एक सुतार तिला सोडवायला निघतो. बाईचं काम एवढंच की वर उभं राहून मदतीसाठी ओरडायचं. १९८५ च्या 'सुपर मारिओ ब्रदर्स'मध्ये तिची राजकन्या झाली, पण काम तेच राहिलं. पळवलेली स्त्री आणि तिच्या नावाने लढणारे पुरुष, ही चौकट आपल्याला नवी नाही. आपल्याकडे याच चौकटीत महाकाव्यं रचली गेली. स्त्रीला काय वाटलं, हे तिथेही कुणी विचारलं नाही.

१९८६ च्या 'मेट्रॉइड'मध्ये चिलखतातला योद्धा शेवटी स्त्री निघते. पण गेम जितक्या वेगाने संपवाल तितके तिच्या अंगावर कपडे कमी. म्हणजे नायिका असूनही शेवटी तीच खेळणाऱ्याचं बक्षीस.

सगळ्यात घाणेरडं उदाहरण १९८२ चं आहे. अमेरिकेत 'कस्टर्स रिव्हेंज' नावाचा गेम विकायला आला. बांधून ठेवलेल्या एका मूलनिवासी स्त्रीवर गोऱ्या सेनाधिकाऱ्याने अत्याचार करायचा आणि त्याचे गुण मिळवायचे, असा तो 'खेळ'. मूलनिवासी आणि स्त्री संघटना रस्त्यावर उतरल्या. ती बाई नुसती 'स्त्री' म्हणून तिथे नव्हती. ती जिंकलेल्या समाजाची स्त्री होती. खैरलांजी ज्यांच्या विदर्भात घडलं, त्यांना याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. वरचढ समाज खालच्या ठरवलेल्या समाजाला धडा शिकवतो, तेव्हा पहिला हात तिथल्या बाईवर टाकतो.

"अरे, खेळ आहे, एवढं काय मनावर घेता?" असं कुणी म्हणेल. खेळच असेल, तर प्रश्न विचारणाऱ्या बाईची एवढी भीती का? अनिता सार्कीसियन यांनी २०१३ पासून गेममधल्या स्त्रीप्रतिमांची चिकित्सा करणारी व्हिडिओ मालिका केली. बदल्यात बलात्काराच्या आणि खुनाच्या धमक्या आल्या. २०१४ मध्ये त्यांना घर सोडावं लागलं. गोळीबाराच्या धमकीमुळे युटा स्टेट विद्यापीठातलं व्याख्यान रद्द करावं लागलं. खेळावर टीका केली म्हणून कुणी बंदूक काढत नाही. सत्तेला हात लागला की बंदूक निघते.

बदल कुठून आला तेही पाहा. १९८० साली रॉबर्टा विल्यम्स या स्त्रीने 'मिस्टरी हाऊस' रचला, म्हणजे बाया या धंद्यात सुरुवातीपासून होत्या. १९९६ च्या 'टूम रेडर'मधली लारा क्रॉफ्ट शूर होती, पण जाहिरातीत तिच्या शरीराचाच बाजार मांडला गेला. २०१३ मध्ये तिची कथा नव्याने आली. लेखिका होत्या रियाना प्रॅचेट. या लाराला भीती वाटते, जखमा होतात, ती चुकते आणि शिकते. लेखणी हातात आल्यावर बाहुलीची माणूस झाली.

आता आपल्या महाराष्ट्राकडे वळू. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये 'राजी' हा गेम काढला आणि तो जगभर गाजला. नायिका सर्कशीत कसरती करणारी अनाथ पोरगी. रक्षाबंधनाच्या दिवशी राक्षस तिच्या भावाला पळवतात आणि बहीण त्याला सोडवायला निघते. रक्षण करणारा भाऊ, हे समीकरण इथे उलटं केलं आहे. त्याचं श्रेय द्यायलाच हवं.

पण प्रश्न उरतो. आपल्याकडे दोरीवर चालणारी पोरगी म्हणजे डोंबारी, कोल्हाटी. १८७१ च्या कायद्याने ज्यांच्यातल्या अनेक जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवलं, त्या भटक्या-विमुक्तांची लेक. गेममध्ये तिची कसरत आहे, तिची जात मात्र नाही. आणि तिचं बळ येतं देवीने दिलेल्या त्रिशूळातून. कष्टकरी पोरीला लढायला देवाची निवड का लागावी?

आपल्या इतिहासातल्या नायिकेला ती लागली नाही. भिवापूरच्या शेजारच्या उमरेडला १८९२ साली जाईबाई चौधरी जन्मल्या. त्यांनी हमाली केली, अक्षरं शिकल्या, शिक्षिका झाल्या. जात आडवी आली आणि नोकरी गेली, तेव्हा नागपुरात स्वतःच मुलींची शाळा काढली. २० जुलै १९४२ ला याच नागपुरात दलित महिला परिषद भरली. अध्यक्षा सुलोचनाबाई डोंगरे. सुमारे २५ हजार स्त्रिया जमल्या होत्या. समाजाची प्रगती स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजावी, बायकोने नवऱ्याची गुलाम न होता बरोबरीची मैत्रीण व्हावं, हे बाबासाहेबांनी तिथे सांगितलं. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी गावोगाव जाऊन या बायांच्या आठवणी गोळा केल्या नसत्या, तर आपल्याच चळवळीने त्यांना विसरून टाकलं असतं. हा दोष मनुवाद्यांवर ढकलता येणार नाही.

म्हणून, तरुणांनो, सुरुवात आपल्या पायऱ्यांपासून करा. बाबासाहेबांचा फोटो मोबाईलच्या पडद्यावर आणि तोंडात आईबहिणीची शिवी, हे एकत्र चालणार नाही. विहाराच्या वाचनालयात संगणक असेल तर त्यावर पोरींची वेळ ठरवा आणि ती पाळा. त्यांना गेम खेळू द्या, पुढे गेम बनवायला शिकू द्या. सातऱ्यावर मिरची खुडणाऱ्या आईची लेक जाईबाईंची गोष्ट पडद्यावर आणेल, तेव्हा त्या गेममध्ये बाई कुणाचं बक्षीस नसेल.

जय भीम! जय सावित्री!